देवदूताला भुताचं पहिलं बक्षीस

बेळगाव, मंगळवार

आदरणीय एस्तेर आक्का,

धाकटा भाऊ शांतवन याचा प्रभूच्या नावानं सलाम. तुझा गुडघा जिना चढू देतो का? दाजींचा खोकला कसा आहे? (तंबाखूच्या वखारीशेजारी राहून तो जाईल असं त्यांना कुणी सांगितलं, तेही कळव.) आम्ही इकडं खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर चार दिवस मला घास गोड लागत नाही. फोनच केला असता, पण घर दोन खोल्यांचं, आणि जिच्याबद्दल सांगायचं ती सात वर्षांची असून भिंतीपलीकडचं सगळं ऐकते.

सलोमीच्या शाळेत यंदा हॅलोविन ठरलं. पोरांनी भुताच्या वेशात यायचं. त्याआधीच्या रविवारी आमच्या नव्या पाळकसाहेबांनी उपदेशाला हाच विषय घेतला, की ख्रिस्ती घरांनी लेकरांना असल्या अंधाराच्या खेळात पाठवावं का. आणि "पंचांनी आधी आपलं घर बघावं" म्हणताना सरळ माझ्याकडं बघितलं. (मी यंदा चर्चच्या मंडळीचा पंच आहे. नको नको म्हणता म्हणता झालो.) सुवार्ता (बायको माझी, पण बाजू पाळकांची) म्हणाली, ते तुमच्या डोक्यावरच्या घड्याळाकडं बघत होते. पण मला ते पटलं नाही. मी लहानपणापासून भुतांना भितो आणि पाळकांनाही, हे तुला सांगायला नको. पोरीला पाठवायचं नाही असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी उद्यमबागेत कामावर, कारखान्याची भट्टी चालू असताना, मुख्याध्यापिका सरोजिनी मॅडमचा फोन आला. शाळेत ख्रिस्ती घर आमचं एकच, "तुमचा सण आहे, पालकांना दोन शब्द सांगायला तुम्हीच या." मी म्हणणार होतो की हा आमचा सण नव्हे, आपल्या आजोबांनी याचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. पण बाईंच्या आवाजापुढं तोंडातून "व्हय मॅडम" एवढंच निघालं. संध्याकाळी शेजारच्या गुणाबाई दिवाळीच्या उरलेल्या करंज्या घेऊन आल्या, तुमच्या सणाला गोड म्हणून. (करंज्या चांगल्या होत्या.) आता नाही म्हणावं तर हे लोक स्वतःचाच सण पाळत नाहीत म्हणतील, आणि हो म्हणावं तर पाळकसाहेब! मला दोन्हीकडून घाम फुटला.

मार्ग सुवार्तानं काढला. सलोमीला देवदूत करायचं. गेल्या नाताळचा पांढरा फ्रॉक, पुठ्ठ्याचे पंख, त्यांना जरीची किनार. पोर इतकी खूश, की आदल्या दिवशी पंख लावूनच जेवली. शुक्रवारी दुपारी मोटारसायकलवरून निघालो आणि तिसऱ्या रेल्वे गेटवर अवकाळी पावसानं गाठलं. पंख लोंबकळले, केस तोंडाला चिकटले, काजळ गालांवरून हनुवटीपर्यंत आलं. तिनं विचारलं, "पप्पा, मी अजून देवदूतच हाय न्हवं?" मी म्हटलं, "व्हय बाळ."

हॉलमध्ये साठ भुतं होती, आक्का. पोरंच आहेत हे कळत होतं, तरी मी खुर्चीच्या कडेवर बसून होतो. एक भूत माझ्या मानेपाशी येऊन खरखर श्वास घ्यायला लागलं तेव्हा माझी 'दोन शब्दां'ची चिठ्ठी हातातून पडली. (ती वकिलांची शाल्मली होती. तिला सर्दी झालेली.) तेवढ्यात निकाल लागला. सगळ्यांत भीतीदायक भूत, पहिला नंबर, सलोमी!

टाळ्या पडल्या. सलोमीनं बक्षिसाची ढाल घेतली नाही. माईकवर म्हणाली, "मी भूत न्हाय. मी देवदूत हाय. पप्पांना विचारा."

मॅडमनी माईक माझ्यापुढं धरला. "काय सर, भूतच ना?" सगळा हॉल वळून बघायला लागला. मला वाटलं, नाही म्हटलं तर बाईंचा अपमान, परीक्षकांचा अपमान. लोक म्हणतील, यांना बक्षीस दिलं तरी यांची तक्रार. मी म्हणालो, "व्हय, भूतच." वर हसलोही. हॉल हसला. सलोमी रडली नाही. तिनं दोन्ही हातांनी ढाल घेतली आणि मी दुसऱ्या कुणाचा तरी बाप असल्यासारखं माझ्याकडं बघितलं. पेत्रानं येशूला ओळखत नाही म्हटलं तेव्हा निदान कोंबडा आरवला. मला टाळ्या मिळाल्या.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. "मम्मी, त्यांना सांग, डबा राहिलाय." रविवारी मी पाळकसाहेबांकडं गेलो आणि सगळं सांगून टाकलं. आता पंचपद जाणार, भर उपासनेत नाव पुकारणार, अशी तयारी ठेवली होती. ते एवढंच म्हणाले, "लेकराची माफी मागितली का?" घरी येऊन मागितली. सलोमी गणितं सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "मम्मी, त्यांना सांग, शाळेत प्रार्थनेच्या वेळी, माईकवर सांगायचं."

म्हणून सोमवारी ढाल घेऊन शाळेत गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं, की हा आमचा सण नव्हे, माझी पोर देवदूत होती आणि मी खोटं बोललो. मॅडमनी ढाल परत घेतली. मला जराही भीती वाटली नाही. ख्रिस्ती घरांनी यात पडावं की नाही हे मंडळी ठरवील. साठ भुतं खाऊ खाऊन सुखरूप घरी गेली. सलोमीला दुखवलं ते मी, आणि मी तर साध्या शर्टात होतो.

दाजींना सलाम.

तुझा धाकटा,
शांतवन

ता. क. – सोमवारचं वर लिहिलं ते येत्या सोमवारचं आहे. काल फाटकापर्यंत गेलो होतो, ढाल पिशवीत होती. आतून मॅडमचा आवाज आला आणि मी कामावर निघून गेलो. तरी तू रविवारच्या दुपारच्या बसनं ये. नुसती माझ्याशेजारी उभी राहा, बोलू नकोस. (बोललीस तरी चालेल.)

ता. क. २ – पाकीट चिकटवताना सलोमी आली. चार दिवसांनी पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली. "आत्याला बोलावलंय?" मी म्हटलं, व्हय. थोडा विचार करून म्हणाली, "मग तुम्ही आत्याचा हात धरा. माईक मी धरते."