यांना क्योतोला पोचवणे

२ ऑक्टोबर, सकाळ
ठरलं. याच महिन्यात क्योतो. दोन दिवस, एक मुक्काम.
हे, म्हणजे एइकिची, जाऊन दीड वर्ष झालं. बाकी अस्थी इथेच ताकाओकात, घराण्याच्या थडग्यात आहेत. पण गळ्यातलं ते छोटं हाड, बसलेल्या बुद्धासारखं दिसतं ते, आमच्याकडे क्योतोच्या मुख्य मंदिरात नेऊन ठेवतात. यांचं अजून घरच्या देव्हाऱ्यात आहे, मुठीएवढ्या बरणीत. मी थंडी संपायची वाट पाहत होते. मग उन्हाळा संपायची.
मौजेसाठी जात नाहीये. वाचनालयातून क्योतोवरची पुस्तकं आणली, ती रस्ते कळावेत म्हणून.

५ ऑक्टोबर
प्लॅन तयार. अकरा देवळं, दोन बागा, एक तोफूचं जेवण. सुगिए वन्संना फोनवर वाचून दाखवला. यांच्या थोरल्या बहीण. म्हणाल्या, "दोन दिवसांत अकरा देवळं? दर्शन घेणारेस की हजेरी?" मग, "आणि माझा भाऊ कुठाय यात?"
पुन्हा पाहिलं. बरणी ठेवायचं मंदिर लिहायचं राहिलं होतं. तोफू राहिला नव्हता.
फार लाज वाटली. प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घातलं.

६ ऑक्टोबर
दुपारी तिथली कचेरी बंद झाली तर? पहिल्या दिवशी सकाळी हवं. पण मग बरणी ठेवून उरलेला सगळा वेळ मी एकटीच हिंडणार. ते काही बरं दिसत नाही. दुपारच ठीक.

११ ऑक्टोबर
बातमी गल्लीत गेली. मी फक्त शेजारच्या हिराबायाशीबाईंना सांगितलं होतं. त्या खिशात ठेवायच्या उबेच्या पुड्या घेऊन आल्या. "तिकडे गारठा असतो हो. आणि येताना काही म्हणजे काही आणू नका." म्हणजे आणायलाच हवं. आता न जाऊन चालणार नाही. उलट बरंच झालं.

१९ ऑक्टोबर
पुढे ढकललं. नोव्हेंबरात मेपल लाल होतात, यांना ते फार आवडायचे. यांच्यासाठीच ढकललं.
संध्याकाळी आठवलं, लाल मेपल मला आवडतात. यांना कागदात गुंडाळलेलं भाजकं रताळं आवडायचं.

१८ नोव्हेंबर, सकाळ
निघाले. बरणी रेशमी रुमालात, मांडीवर. त्सुरुगाला गाडी बदलायची, मग थेट क्योतो. मन एकदम शांत.

त्याच दिवशी, संध्याकाळ
त्सुरुगाला सगळे जिन्यांवरून धावतात. मी धावले नाही. बरणी हलली असती. गाडी गेली.
पुढची गाडी होती. पण बाकावर बसून डबा खाल्ला आणि वाटलं, आज यांचीच इच्छा दिसत नाही. तीही गाडी सोडली. परतीच्या गाडीत बसले. ताकाओका आलं तेव्हा उतरले नाही. इतक्या लवकर घरी जाऊन गल्लीला काय सांगायचं? तोयामापर्यंत गेले.
तिथल्या मोठ्या दुकानात वर क्योतोचा मेळा भरला होता. अस्सल क्योतोचे दालचिनीचे गोड पापड, क्योतोचीच माणसं विकत होती. म्हणजे एका अर्थाने मी क्योतोच्या माणसांना भेटलेच. चार खोकी घेतली. वळले तर मागे रांगेत हिराबायाशीबाई.
त्या कमरेत वाकल्या. "अगबाई! प्रवास सुखाचा झाला ना?"
मी म्हणाले, "हो. गर्दी फार होती."
"असणारच," त्या म्हणाल्या.
मी तिथेच त्यांना खोकं दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, "एवढ्या लांबून आणलंत!" म्हणाल्या. आणि रांग सोडून गेल्या, स्वतःसाठी न घेताच. त्या हसल्या असत्या तर निदान मला घरी जेवण तरी गेलं असतं.

२० नोव्हेंबर
वन्संना खरं सांगून टाकलं. वाटलं, चिडतील. म्हणाल्या, "मी येते बरोबर. जिन्यावर तुला मी ढकलते." मग म्हणाल्या, "तोमिए, तो माझाही होता गं. मला एकदा त्याला नीट पोचवू दे."
इतके दिवस मी वन्संचा विचारच केला नव्हता.
या रविवारी. नक्की. या वेळी मेपल नाही, बाग नाही, तोफू नाही. थेट मंदिर.

२१ नोव्हेंबर
स्टेशनवर जाऊन तिकिटं काढली. मी आणि वन्सं शेजारी, खिडकीजवळची जागा बरणीला. तिकीट खिडकीतल्या मुलाने तिसरे प्रवासी कोण, विचारलं नाही. भला मुलगा. फक्त म्हणाला, "तिघांचंही परतीचं द्यायचं ना, आजी?"
मी म्हणाले, "हो, तिघांचंही."