जानूभाऊच्या ट्रकचा हँडब्रेक

१० नोव्हेंबर २०२५

हँडब्रेकची केबल आज आली. किंमत सातशे चाळीस, कुरिअरचे साठ. वाट पाहिली नऊ दिवस. त्यातल्या पाचव्या दिवशी जानूभाऊ गेला. आता करा बेरीज!

पुडकं फोडलं नाही. टेबलाखाली सरकवलं. दुपारी पाय लागला तर दचकलो.

११ नोव्हेंबर

एकदा सरळ लिहून काढतो, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

एक तारखेला जानूभाऊनं ट्रक आणला. एकोणीस वर्षांचा जुना. डोंगरीहून मासळी नि बर्फ वाहणारा. गॅरेजच्या गेटातून आत येतानाच मी ओरडलो – मागचं डावं! हँडब्रेक धरून बसलाय! जानूभाऊ उतरून हसला. "बगा, उस्तादाला डोले नको. कानच पुरं हाय."

चाकाला हात लावला तर भाजलं. जळका वास. क्रेटमधलं खारं पाणी वर्षानुवर्षं मागे गळतं, केबल तिच्या नळीतच गंजते. लिव्हर खाली केला तरी केबल माघारी येत नाही, ब्रेकचे शू चाकाच्या ड्रमला घासत राहतात. खर्र – खर्र – खर्र. नवी केबल बाजारात नव्हती. मग डाव्या चाकाची केबल सोडली, तिचं टोक चॅसीला बांधलं, हँडब्रेकची सगळी ओढ उजव्या चाकावर घेतली. नवी येईपर्यंत. एक चाक नीट धरलं तरी उभा ट्रक हलत नाही.

दोन्ही ड्रम उघडून पाहिले होते. अर्धं काम मी करत नाही! जालन्याहून आलो तेव्हा खिशात एक पाना होता. आज तीन गाळे आहेत. ते अर्ध्या कामावर नाही उभे राहिले.

पाच तारखेला डोंगरीच्या उतारावर राजनं ट्रक लावला – राज म्हणजे जानूभाऊचा मुलगा, तोच चालवतो. तो उतरून वजनकाटा आणायला गेला. जानूभाऊ मागून क्रेट उतरवत होता. ट्रक मागे सरकला. मागे भिंत होती.

१२ नोव्हेंबर

कांतानं मिक्सर लावला. खर्र – खर्र –. मी ओरडलो, बंद कर!

"चटणी वाटतेय हो. एवढं काय झालं?"

कोरडीच भाकरी खाल्ली.

१३ नोव्हेंबर

डोंगरीला जाऊन आलो. पोलीस बघून गेले, ट्रक सोडला. जानूभाऊच्या घराच्या आवारात उभा आहे. त्याच्याकडे पाठ करून बसलो.

ओट्यावर दोघं कुजबुजत होते. "पोरानंच बाप मारला. हँडब्रेक वढाया काय झाला व्हता त्याला?" या कानांचं एक वाईट आहे – नको ते आधी ऐकू येतं. राज चार हातांवर उभा होता. त्यानंही ऐकलं. त्यानं आईसमोर चहा ठेवला. लक्ष्मीवहिनींनी कपाकडे पाहिलं नाही. चहावर साय धरली.

राजनं मला बाजूला घेतलं. "मामा, मी वढला व्हता. वरपर्यंत वढला व्हता." मग माझ्याकडे बघून, "वढला व्हता ना?" – जसा काही मी तिथे होतो!

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "घाईत होतं रे. माणूस विसरतो."

त्यानं मान हलवली. किती सहज बोललो मी!

१४ नोव्हेंबर

अकरा तारखेला सगळं लिहिलं म्हटलं. सगळं नाही.

खाडीकडच्या गाड्या हँडब्रेक ओढून ठेवतच नाहीत. खाऱ्या हवेत चिकटतो, सकाळी सुटत नाही. चाकाखाली दगड लावतात. जानूभाऊच्या केबिनमध्येही होता, पायाशी, काळाभोर, बारा वर्षांचा. एक तारखेला गाडी देताना मीच म्हटलं – "फेक तो धोंडा जानूभाऊ! माझ्या हातची गाडी दगड मागत नाही."

"फेकू?"

"फेक!"

त्यानं दोन्ही हातांनी उचलून गटाराकडे भिरकावला. आम्ही सगळे हसलो. मी सर्वांत मोठ्यानं.

दगड असता तर. पण हँडब्रेक तर चालू होता. ओढला असता तर धरलाच असता. म्हणजे राजच विसरला. दुसरं काय?

१५ नोव्हेंबर

आज तो खर्र आवाज नाही. मिक्सरमध्ये नाही, बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये नाही. बरं वाटायला हवं होतं. जास्त भीती वाटली.

उजवं चाक आठवून पाहतोय. जॅकवर घेतलं. हातानं फिरवलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकामागे टेकवलं, मूठ कानाला. माझी नेहमीची पद्धत. लोक बघायला थांबतात. चाक गुपचूप फिरलं. जराही घासलं नाही.

आवाज नाही म्हणजे रोग नाही? आसाचं सील फुटलं की गिअर ऑइल ड्रममध्ये शिरतं. शूवरचं लायनर भिजतं. भिजलेलं लायनर ओरडत नाही. धरतही नाही.

तीन तारखेला राजचा फोन आलेला – "मामा, ब्रेक दाबला का गाडी अजून डावीकडं वढते." डावं धरतंय नि उजवं नाही, असं तेव्हाच वाटायला हवं होतं. मी म्हटलं, नवी केबल बसली की जाईल.

पण मी ड्रम उघडून पाहिला होता. तेल दिसलं असतंच. उघडला होता.

१६ नोव्हेंबर

जानूभाऊचं बारावं. पंगत उठल्यावर राज सगळ्यांसमोर उभा राहिला. हात जोडले.

"माज्याकडनं राहिला. मी हँडब्रेक वढलाच न्हाय. मना वाटलेला वढला, पन न्हाय. मामा पन बोलला, घाईत होतं."

सगळे माझ्याकडे वळले. उस्ताद बोलला म्हणजे संपलं! लक्ष्मीवहिनी उठून आत गेल्या. दाराला आतून कडी लागली. तो आवाज राजनंही ऐकला. तसाच हात जोडून उभा होता.

मग तो माझ्याकडे आला. चावी पुढे केली. "विका मामा. मी आता गाडीला हात लावनार न्हाय."

चावी घेतली. म्हटलं, "उद्या सकाळी आधी उजवं चाक उघडू. तू समोर थांब."

"आता काय उपेग?"

उघडलेलंच पुन्हा उघडायचंय, एवढंच.

१७ नोव्हेंबर

चाक उतरवलं. राज शेजारी उकिडवा बसला होता. पाऊण तास ठोकल्यावर ड्रम निघाला. आत सगळं तेल. बोटानं शू पुसून त्याला दाखवला. म्हटलं, तू ओढला होतास. त्यानं ते बोट हातात धरून ठेवलं. मग मी लक्ष्मीवहिनींच्या दारात जाऊन मोठ्यानं सांगितलं, ओट्यावरच्या दोघांनाही ऐकू जाईल असं.

ठोकायच्या आधी जे पाहिलं तेही सांगितलं. ड्रम धरून ठेवणाऱ्या दोन्ही स्क्रूंच्या खाचा जुन्या गंजानं बुजलेल्या होत्या. स्क्रूड्रायव्हरचा एक ओरखडा नाही. उजवा ड्रम मी उघडलाच नव्हता.