पंचवीस कॅप्सूल

आंबिवली
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५
दुपारचे ३ वाजून १० मिनिटे

प्रिय विनिताताईस,

सुदेशचा नमस्कार. आईच्या फाइलमधले रिपोर्ट तारखेप्रमाणे लावत होतो, ते थांबवून हे लिहितोय. भावोजी बरे असतील. सान्वीचा खोकला गेला का?

आई परवा बाजारातून एकाच पायात चप्पल घालून आली. दुसरी कुठे निघाली, बधिर पायाला कळलंच नाही. दारात मला म्हणाली, "खाली बघ रे, पाय आहेत ना दोन्ही?"

काल डॉक्टरांकडे नेलं ते फोनवर सांगितलंच. बी-१२ फेब्रुवारीपेक्षाही खाली गेलंय. डॉक्टरांनी विचारलं, औषध रोज घेता का. आई म्हणाली, "पोरगा वहीत लिहून ठेवतो. एक दिवस चुकत नाही." त्यांनी वही चाळली, अक्षर छान आहे म्हणाले. मग म्हणाले, औषध घेऊनही अंगी लागत नाही म्हणजे पोटात काही बिघाड असेल, गुरुवारी ठाण्याला दुर्बिणीने तपासू. तेव्हापासून आई धड जेवलेली नाही. शेजारच्या हेमाकाकूंना सांगत होती, दुर्बीण घालतात ती कॅन्सरलाच.

ताई, फोनवर एक गोष्ट सांगितली नाही. वहीत मी रोज 'गोळी दिली' एवढंच लिहिलंय. कोणती ते लिहिलेलं नाही.

मार्चमध्ये तुझे पैसे आले तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या बी-१२च्या कॅप्सूलच आणल्या. २९ तारखेला डबीवरची बारीक अक्षरं वाचली, त्यात जिलेटिन होतं. मेडिकलवाल्याला विचारलं तर म्हणाला, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. मला डेंग्यू झाला तेव्हा आईने गावदेवीपुढे मासे-मटण जन्मभरासाठी सोडलं. बोंबलाशिवाय न जेवणारी बाई आता अंडं केलेल्या तव्यावरची भाकरीही खात नाही. तिला हे सांगायचं माझं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या हातावर कॅल्शियमची गोळी ठेवायला लागलो. कंपनी बदलली म्हणालो. तिने ती पाण्याबरोबर घेतली.

आईचा नवस मोडू नये म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. नवस माझ्या जिवासाठी होता. मोडला तर जे व्हायचं ते मला होईल, अशी भीती वाटली. पण पंचवीस कॅप्सूल तिने आधीच घेतल्या होत्या आणि मला काहीच झालं नव्हतं. मग मी सांभाळत काय होतो? किती वेळा विचार केला, उत्तर दर वेळी वेगळं येतं.

इंजेक्शनमध्ये जिलेटिन असतं का, हे मी काल पहिल्यांदा मेडिकलवाल्याला विचारलं; नसतं म्हणाला. मार्चमध्ये विचारायला काय झालं होतं, कळत नाही. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. लेबल वाचता येतं. वाचून झाल्यावर काय करायचं ते त्यावर लिहिलेलं नसतं.

गुरुवारी आईला मीच घेऊन येतो, तू खोपटच्या घरून थेट दवाखान्यात ये. आत जाताना फाइल तू घे. या चिठ्ठीचा फोटो तुला आजच पाठवतो; मूळ चिठ्ठी फाइलमध्ये सगळ्यात वर असेल, ती आधी डॉक्टरांना दाखव. मला तोंडाने सांगता येणार नाही. बहुतेक दुर्बीण लागणार नाही. पायांचं किती भरून येईल, तेही त्यांनाच विचार.

आईला मात्र मी आज संध्याकाळी सांगणार आहे. आधी काय सांगू? पंचवीस दिवस तिने काय खाल्लं ते, की नंतर मी काय खाऊ दिलं नाही ते? आत्ताच तिने विचारलं, एवढं काय लिहितोस. औषधांची यादी म्हणालो.

तुझा,
सुदेश

हिशेब
तुझ्याकडून आले, मार्च ते ऑक्टोबर, ३०० प्रमाणे : २४०० रु.
कॅप्सूल ३० : २७० रु. (२५ दिल्या, ५ डबीत आहेत)
कॅल्शियम : ९६० रु. (हे माझ्याकडे धर)
तुला देणं : २१३० रु.
आईला देणं, २२७ दिवसांचं :
(इथे काय लिहायचं कळलं नाही. कोरं ठेवलंय.)