एक्स-रे क्लिअर आहे

शकुआत्या,

काल सरावाला सगळ्या मुलींसमोर तू म्हणालीस, "एक्स-रे क्लिअर आहे, ही नुसती नाटकं करते." आणि दहीहंडीतली माझी सगळ्यात वरची जागा मनालीला दिलीस. पथक तुझं आहे, जागा कुणालाही दे. पण मला खोटारडी म्हणायचं नाही.

गेल्या वर्षी थरावरून पडले तेव्हा मोडलेला घोटा कधीच जुळलाय. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, मेंदू अजून त्या पायावर पहारा देतोय. साधी चप्पल घातली तरी बोंब मारतो. ते दुखणं खरंच असतं गं, फक्त आता आत काही मोडत नाहीये. झोपून राहिले तर तो गप्प बसणार नाही. पाय रोज थोडा थोडा वापरला, तरच मेंदूला हळूहळू कळेल, की आता धोका नाही.

म्हणून हे पत्र मी पाठवत नाही. उद्या मीच चारकोपच्या मैदानात येतेय, डॉक्टरबाईंना विचारून. मला खालच्या थरात उभी कर. मनाली माझ्या खांद्यावर पाय देऊन चढताना दुखलं, तर 'दुखतंय' म्हणून ओरडेन, तुझ्या तोंडावर ओरडेन.

पण खांदा हलू देणार नाही.

तुझीच भाची,
रुचिरा