बेचाळिसाव्या वर्षी वाढ

प्रिय आई,
तुला वाकून नमस्कार. आधीच सांगतो, मी पोटभर जेवतो आहे.

वर्षभर बूट घट्ट व्हायचे, म्हणून मी बूटवाल्याशी भांडत होतो. मग दातांत फटी पडल्या. बसमध्ये तिकिटं फाडताना मी ‘सरका’ म्हटलं की तोंडातून शिट्टी वाजायची आणि ती निघायची खूण समजून आमचा ड्रायव्हर गाडी सोडायचा! शेवटी तोच मला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

बाईंनी तोंडात पाहिलं आणि विचारलं, “बुटाचं माप वाढलंय का?” मला वाटलं, यांचं चपलांचंही दुकान असेल.

तपासण्यांत कळलं ते असं. मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यावर छोटी गाठ आली आहे. कॅन्सरची नाही. पण तिच्यामुळे या वयात माझे हात, पाय, जबडा वाढताहेत. लहानपणी तू “वाढ रे जरा” म्हणत दूध पाजायचीस, ते आत्ता लागू पडलं म्हणायचं.

महिनाअखेरीस नाकातून ऑपरेशन करून ती गाठ काढतील. बाबांचे गुडघे कसे आहेत? त्यांना हे हळूहळू सांग.

तू घाबरू नकोस, तुझ्या वाट्याचंही मीच घाबरून घेतो आहे. फक्त त्या दिवशी सकाळी फोन कर. “जेवलास का?” एवढंच विचारलंस तरी पुरे.

तुझा धाकटा