वर बघून घरी येणारी माणसं

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

परळी वैजनाथ
२२ नोव्हेंबर २०२३

चि. सुभद्रास,
राधाकिशनचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाऊबीजेला पालीला येणं जमलं नाही, त्याबद्दल आधीच कान पकडतो. तसे ते आता पकडण्यापुरतेच उरलेत. त्या दिवशी तू फोनवर इतकं बोललीस, त्यातलं मला 'शेळी' एवढंच कळलं. बत्तीस वर्षं टर्बाईनशेजारी काढलेल्या माणसाला एवढं माफ असावं. मोबाईलवर लिहायला जावं तर अक्षरं बारीक आणि माझी बोटं जाड. म्हणून आपलं पत्र बरं.

बातमी अशी की आमच्या वीज केंद्रातल्या जुन्या युनिटची चिमणी सोमवारी पाडली. निवृत्त झालेले आम्ही दहा-बाराजण लांब रस्त्यावर उभे होतो. सुरुंगाचा आवाज मला आला नाही, पण चपलांतून कळलं. आधी ती किंचित कलली, गुडघे दुखणारा माणूस बसू की नको असं करतो तशी, आणि मग बसली. मी दोनदा डोळे पुसले. धूळ गेली असं सगळ्यांना सांगितलं.

बाहेरच्यांना परळी देवळाच्या शिखरावरून कळते, आम्हाला चिमणीवरून. विमल स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर बघायची. धूर दिसेना झाला की युनिट बंद पडलं, म्हणजे मी वेळेवर घरी येत नाही, हे ओळखून पीठ झाकून ठेवायची. कधी निरोप धाडावा लागला नाही. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडते म्हणून त्याच चिमणीला रोज शिव्याही द्यायची. तिला जाऊन चार वर्षं झाली. तिच्यामागं मी त्या खिडकीतून बघत होतो. धूर नव्हता तरी बघत होतो.

वैष्णवीचं पालुपद चालूच आहे, की बाबा, एकटे राहू नका, चिंचवडला चला. मी नाही म्हणतो. लेकीचं घर चांगलं आहे, जावई चांगला आहे, पण तिथं लिफ्टचं बटणसुद्धा विचारून दाबावं लागतं. इथं मला कुणाला काही विचारावं लागत नाही.

बजरंग आणि सूनबाई ऊसतोडीला गेले का, ते कळव. पत्राला उशीर कर, पण माया पातळ करू नकोस.

तुझा दादा,
राधाकिशन

॥ श्री ॥

पाली, ता. जि. बीड
३ डिसेंबर २०२३

तीर्थरूप दादास,
सुभद्राचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. भाऊबीजेची ओवाळणी बुडवलीस ती बुडवलीस, वर कान पकडून मोकळा झालास. मी ताट तयार करून रस्त्याकडं बघत बसले होते. मांजरसुंब्याकडून येणारी प्रत्येक एसटी मोजली. शेवटी करंजी शेळीला दिली. फोनवर शेळीचं सांगत होते ते हेच.

बजरंग आणि वर्षाराणी दिवाळीच्या दुसऱ्याच दिवशी टोळीबरोबर कोल्हापूरकडं गेले. मुकादमाचा ट्रक पहाटे आला, भांडीकुंडी चढवली आणि गेले. आता पाडव्यापर्यंत मी आणि शेळी. आमच्या गल्लीत सात दारं, त्यांतली पाच कुलपात आहेत. सहावं माझं, आणि सातव्यातल्या भिवराबाईला दिसत नाही. तुला ऐकू येत नाही, तिला दिसत नाही, अशा माणसांत मी पडले आहे. दुपारी धरणाच्या भिंतीवर जाऊन बसते. तिथून रस्त्यावरच्या गाड्या दिसतात, तेवढाच विरंगुळा.

आता मुद्द्याचं. परवा वैष्णवीचा मला फोन आला होता. तुमच्या शेजारच्या हरिओम रिक्षावाल्यानं तिला कळवलं म्हणे, की काका दिवस मावळताना गावाबाहेर सापडले, मी घरी आणून सोडलं. सापडले हा काय शब्द झाला दादा? माणूस काय छत्री आहे? ती रडकुंडीला आली होती. तिनं विचारलं की आत्या, बाबांचं आजोबांसारखं व्हायला लागलं का. मी तिला काहीबाही सांगून गप्प केलं, पण मलाही घास गेला नाही. आपल्या अण्णांनी शेवटी शेवटी गोठ्याला घर म्हणायला सुरुवात केली होती, ते मी विसरलेले नाही.

काय झालं ते खरं खरं लिही. थोरला आहेस म्हणून लपवू नकोस. पायांवर डोकं ठेवते आणि वाट बघते.

तुझी
सुभद्रा

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

परळी वैजनाथ
१२ डिसेंबर २०२३

चि. सुभद्रास,
आशीर्वाद. वि. वि.

लिहायला आठ दिवस घेतले. रक्तदाबाच्या गोळ्या आणायला बाजारात गेलो होतो. दुकानातून बाहेर पडलं की वर बघायचं, चिमणी उजव्या खांद्यावर घ्यायची आणि चालू लागायचं, एवढंच मला सत्तेचाळीस वर्षं ठाऊक. गल्ल्या, वळणं, दुकानं मी कधी नीट बघितलीच नाहीत. बघायची गरज काय होती?

चिमणी पडताना मी या डोळ्यांनी पाहिली होती. तरी त्या दिवशी मान सवयीनं वर गेली आणि चिमणी दिसली. लांबच्या नव्या युनिटची ती. मी ती खांद्यावर घेतली आणि निघालो. पायांना कसलीच शंका आली नाही. घरं संपली, तुरीचं रान लागलं, तरी चालतोच आहे. मग एका चहाच्या टपरीवर बसून राहिलो. हरिओम तिकडून रिक्षा घेऊन येत होता, त्यानं विचारलं की काका, तुमी इकडं कावून आलाव? मी उठून रिक्षात बसलो. टपरीवरचं आणखी थोडं आहे, पण ते लिहिण्यासारखं नाही.

सुभद्रा, मला स्वतःलाच कळत नाही की चिमणी गेली म्हणून चुकलो की डोकं चाललंय म्हणून. अण्णा मलाही आठवतात. पण वैष्णवीच्या कानावर यातलं काही जाऊ देऊ नकोस. ती संक्रांतीला गाडी घेऊन येणार आहे. तिला हे कळलं तर मला उचलून नेल्याशिवाय राहायची नाही. मी जुन्या मित्राकडं गेलो होतो, बोलता बोलता उशीर झाला, एवढंच सांग. आजवर तुझ्याकडं काही मागितलं नाही, हे मागतो. नाही म्हणू नकोस.

तुझा दादा

॥ श्री ॥

पाली
२२ डिसेंबर २०२३

तीर्थरूप दादास,
नमस्कार. वि. वि.

मी वैष्णवीला सगळं सांगितलं. आता हवं तेवढं रागाव.

खोटं बोलणार होते. फोन हातात घेतला, मित्राकडं गेला होता असं जिभेवर आलं होतं, आणि वाटलं, उद्या दादा खरंच कुठं रस्त्याच्या कडेला पडला तर मी त्या पोरीला तोंड कसं दाखवू? म्हणून सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली की संक्रांतीला त्यांचे कपडे भरायला येते.

पण दादा, तुझं डोकं गेलं असं मी मानत नाही. ज्याला सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचं आठवतं आणि बहिणीची ओवाळणी तेवढी विसरता येते, त्याचं डोकं शाबूत आहे. तरी खात्री करू. एक काम कर. घरापासून एसटी स्टँडपर्यंतची वाट मला लिहून पाठव. चिमणीचं नाव घ्यायचं नाही. वर बघायचं नाही. कुठं वळायचं, वळणावर काय आहे, सगळं लिही. अशी लिही की मी एकटी आले तर कुणाला न विचारता तुझ्या दारात उभी राहीन. आठवणीतून जमलं नाही तर चालून बघ, मग लिही. बरोबर निघाली तर वैष्णवीशी मी भांडेन.

थंडी आहे, कानटोपी घाल. ऐकू येत नसलं तरी कान गार पडतातच. राग ओसरला की दोन ओळी टाक.

तुझी
सुभद्रा

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

परळी वैजनाथ
२ जानेवारी २०२४

चि. सुभद्रास,
आशीर्वाद.

चार दिवस तुझं पत्र उशाखाली ठेवून तुझ्याशी अबोला धरला. मग पाचव्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन निघालो. वाट लिहितो.

आमच्या दारातून डाव्या हाताला. पिठाच्या गिरणीपाशी उजवीकडं वळायचं. गिरणी इथं होती हे मला माहीत होतं, पण पीठ विमल आणायची. मग मारुतीचं लहान देऊळ, त्याच्या ओट्यावर कायम एक लंगडं कुत्रं असतं. तिथून सरळ निळ्या पाण्याच्या टाकीपर्यंत. टाकीपासून डावीकडं, सायकल दुरुस्तीचं दुकान, बंद पडलेलं. पुढं शाळेची भिंत, ती संपली की बाजार, आणि बाजारातून नाकासमोर एसटी स्टँड. पाच दिवस रोज गेलो आणि आलो. एकदाही चुकलो नाही. तुझी परीक्षा पास झालो.

पण मी वैष्णवीबरोबर जाणार आहे.

टपरीवरचं लिहिलं नव्हतं, ते आता लिहितो. मी वाट चुकलो त्याचं एवढं काही नव्हतं. टपरीवाल्या पोरीनं चहा दिला, पाणी दिलं, फार मायेनं वागली. मोठ्यानं ओरडून विचारलं तिनं, म्हणून मला ऐकू आलं. तिनं विचारलं, बाबा, तुमी कोन्या गावचे? या गावाला मी बत्तीस वर्षं वीज पुरवली सुभद्रा. त्या पोरीच्या घरात दिवा लागला तेव्हा मी कामावर असेन. मला परळी म्हणता आलं नाही. मान खाली घालून चहा पीत राहिलो.

आता रोज त्या वाटेनं जातो तेव्हाही तेच वाटतं. कागद हातात घेऊन गाव पाठ करणारा माणूस पाहुणाच असतो. पाहुणाच व्हायचं तर लेकीकडं जाऊन होतो. बॅग काढली आहे. चिंचवडचा पत्ता वैष्णवी देईल, त्यावर लिहीत जा.

तुझा दादा

॥ श्री ॥

पाली
८ जानेवारी २०२४

तीर्थरूप दादास,
नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र धरणाच्या भिंतीवर बसून वाचलं आणि हसावं की रडावं कळेना.

दादा, मी वीस वर्षांची असताना या गावात आले. सासूनं पहिल्याच दिवशी घागर हातात दिली आणि विहीर कुठं आहे ते सांगितलं नाही. मी दारोदार विचारत गेले. आज अठ्ठेचाळीस वर्षं झाली. इथं मी लेकरं जन्माला घातली, नवऱ्याला इथल्याच मातीत पोचवलं, आणि अजूनही या गल्लीतल्या बाया माझ्यामागं मला सिरसाळेवाली म्हणतात. परवा भिवराबाईनंच कुणाला तरी सांगितलं की सिरसाळेवालीला बोलाव, ती पत्र वाचून देते. माहेर सुटून जन्म गेला तरी मी सिरसाळ्याचीच. तुला आयुष्यात एकदा एका पोरीनं गाव विचारलं तर तू बॅग भरलीस. मी किती वेळा भरायला हवी होती?

जायचंच असेल तर लेकीची माया आहे म्हणून जा. एकटं राहवत नाही म्हणून जा. तेही खरं असेल. मला तर हल्ली शेळीशी बोलून बोलून घसा बसतो. पण रुसून जाऊ नकोस. आणि एक माझ्या स्वार्थाचं लिहिते. तू परळीत आहेस म्हणून माझं माहेर एसटीनं चार तासांवर आहे. तू गेलास की ते कुठंच नाही.

ठरव ते कळव. मी इथंच आहे.

तुझी
सुभद्रा

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

परळी वैजनाथ
१८ जानेवारी २०२४

चि. सुभद्रास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. दोनदा वाचलं, पण बॅग तशीच दाराशी ठेवली होती. माझा हट्ट तुला माहीत आहे.

वैष्णवी भोगीच्या दिवशी दुपारी येणार होती. आली ती दोन तास उशिरा, डोळे लाल करून. मला वाटलं गाडी कुठं धडकली. मला ऐकू येईना म्हणून शेवटी तिनं तुझ्याच पत्राच्या पाठीवर लिहून दिलं. पुण्यापासून ती फोनमधला नकाशा लावून आली. परळीत शिरल्यावर बंद केला. स्वतःच्या गावात नकाशा कशाला, असं तिला वाटलं. वर बघितलं, चिमणी दिसली, ती समोर धरून गाडी चालवत राहिली आणि थेट नव्या युनिटच्या फाटकाशी जाऊन थांबली. तिथल्या चौकीदारानं विचारलं की ताई, कुणाकडं जायचंय? अडतीस वर्षांची बाई, या गावात जन्मलेली, तिथंच रडायला लागली.

लिहून झाल्यावर ती पायरीवर माझ्याशेजारी बसून राहिली. मग तिनंच बॅग आत नेली आणि एकेक कपडा परत कपाटात लावला. डॉक्टरला दाखवायचं, हरिओमचा नंबर खिशात ठेवायचा, एवढ्या अटी घातल्या. मी कबूल झालो.

मंगळवारी ती परत निघाली. मी गाडीत तिच्याशेजारी बसलो आणि तुला लिहिलेली वाट तिला दाखवली. गिरणी, मारुती, टाकी. मोठ्या रस्त्याच्या वळणावर उतरलो. तिनं काच खाली करून मोठ्यानं विचारलं की बाबा, आता पुढच्या वेळी मी काय बघून वळू? मी म्हणालो, आदल्या दिवशी कळव, मी इथं येऊन उभा राहीन. ती हो म्हणाली.

कधी येणार ते मात्र तिनं सांगितलं नाही.

शेळीला माझा नमस्कार सांग, आणि आहे ती माया अशीच लिहून पाठवत राहा.

तुझा दादा,
राधाकिशन