वहिनीला दिलेल्या गोळ्या

मंगळवार, संध्याकाळ

वहिनीला परळच्या इस्पितळात ठेवून आले. लघवीतल्या जंतूंवर नेहमीच्या गोळ्या आता चालत नाहीत, सलाईनमधूनच औषध. डॉक्टरांनी विचारलं, "कोर्स पुरा न करता अशा अर्धवट गोळ्या कुणी दिल्या?"

मी. "असलं दुखणं डॉक्टरला कसं सांगू?" म्हणून ती लाजायची, आणि मी दर वेळी माझ्या जुन्या औषधातल्या उरलेल्या चार गोळ्या तिच्या हातावर ठेवायचे. चारच! म्हणे मी कॉन्व्हेंटात शिकलेली शहाणी!

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मीच औषधांच्या डब्यातून घेतल्या." साऱ्या चाळीला झापणारी मी गप्प राहिले. का?

निघताना म्हणाली, "वन्सं, जेवून घ्या हं." अंगात ताप, आणि काळजी माझ्या जेवणाची!

उद्या आधी डॉक्टरांना खरं सांगेन, कोणत्या गोळ्या, किती वेळा, सगळं. मग तिला झापेन.